बुझलुजाचं स्मारक काँक्रीटमुळे गेलं की छतामुळे?

झाडीपट्टी_चिमूर

राजेहो, बल्गेरियात बुझलुजा नावाच्या डोंगरावर उडत्या तबकडीसारखं कम्युनिस्ट काळातलं स्मारक आहे. फोटो बहुतेकांनी पाह्यलाच असेल. १६ ऑगस्टला आमच्याकडे हुतात्म्यांचा कार्यक्रम असतो, त्या दिवशी गावच्या वाचनालयात यावर अर्धा तास बोलायचं आहे.

नेटवर सगळं एकाच सुरात लिहिलेलं सापडते: राजवट गेली, स्मारक ओसाड पडलं, संपलं. हे मनाला पटत नाही. गोंड राजे जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली तरी चंद्रपूरचा परकोट उभा आहे ना बाप्पा. मग हे १९८१ मध्ये झालेलं काँक्रीट दहा-पंधरा वर्षांत भुताटकीसारखं काहून झालं? सिमेंटच हलकं होतं का? आणि किती टन, किती मीटर हे जे आकडे फिरतात त्यातले कोणते स्टेजवरून सांगण्यासारखे आहेत?

विचारायचं दुसरं कारण घरचंच आहे. गावात ८० च्या दशकातलं हुतात्मा स्मारक आहे. सपाट स्लॅब, चार खांब, समोर ओटा. स्लॅबच्या खालून छपाईचे पोपडे पडतात, दोन ठिकाणी सळाख उघडी पडली. "काँक्रीट म्हातारं झालं, पाडून टाका" असं म्हणणारे गावात वाढले आहेत. बुझलुजावरून इथं काही शिकता येते का, तेही सांगा.

जुनी_कात्रणं

भाऊ, व्याख्यानाची सुरुवात डोंगरापासून करा. तो डोंगर पक्षाने योगायोगाने निवडलेला नाही. १८६८ मध्ये हाजी दिमितर या बंडखोर नेत्याच्या तुकडीची तुर्की सत्तेशी शेवटची लढाई तिथं झाली. १८९१ मध्ये दिमितर ब्लागोएव्हच्या पुढाकाराने समाजवाद्यांची गुप्त बैठक तिथंच भरली आणि पुढच्या कम्युनिस्ट पक्षाचं मूळ त्या बैठकीत धरलं जाते. म्हणजे राष्ट्राचा हुतात्मा आणि पक्षाचा जन्म एकाच माथ्यावर. असा माथा कोणता पक्ष सोडेल?

वास्तुविशारद गिओर्गी स्टोइलोव्ह. काम २३ जानेवारी १९७४ ला सुरू झालं. आधी सुरुंग लावून शिखरच खाली उतरवलं, १४४१ मीटरवरून १४३२ वर. त्यात १५,००० घनमीटरच्या वर खडक निघाला. बांधकामाला लष्कराच्या बांधकाम तुकड्या आणि स्वयंसेवक मिळून ६,००० च्या वर माणसं लागली. उद्घाटन २३ ऑगस्ट १९८१ ला पक्षप्रमुख तोदोर झिव्कोव्हच्या हस्ते. खर्च सुमारे १ कोटी ४२ लाख लेव्हा (तिथलं तेव्हाचं चलन), त्यातला मोठा भाग जनतेच्या देणग्यांतून. देणगी कितपत राजीखुशीची होती हे प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून ताडावं. पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहणारे आपल्याला नवे नाहीत.

आता आकडे. ७०,००० टन काँक्रीट आणि ३,००० टन पोलाद हे आकडे सगळीकडे आहेत. ते तपासायची एक सोपी रीत आहे. काँक्रीट घनमीटरला २.४ टन धरा, म्हणजे साधारण २९,००० घनमीटर झालं. त्यात ३,००० टन पोलाद म्हणजे घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, आणि अशा जड कामाला हे प्रमाण बसते. श्रोत्यांना टन सांगून काही डोळ्यांपुढे येत नाही. सहा घनमीटरची मिक्सर गाडी असती तर डोंगरावर ४,८०० च्या वर खेपा झाल्या असत्या, असं सांगा.

तबकडीचा व्यास ६० मीटर, आतल्या सभागृहाचा ४२ मीटर. शेजारचा मनोरा ७० मीटर उंच आणि त्याच्या दोन बाजूंना १२-१२ मीटरचे लाल काचेचे तारे. ते तारे रोमानियापासून ग्रीसच्या सीमेपर्यंत दिसत असं जे लिहितात ते दंतकथा म्हणून सांगायला हरकत नाही, माहिती म्हणून सांगू नका.

शेवटही तारखांनिशी सांगता येतो. १० नोव्हेंबर १९८९ ला झिव्कोव्ह पायउतार झाले. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षाची मालमत्ता सरकारजमा झाली, पहारा उठला, लूट सुरू झाली. २०११ मध्ये सरकारने ती वास्तू जुन्या पक्षाच्या वारसदाराला, म्हणजे समाजवादी पक्षाला देऊ केली. तरी देखभाल काही कुणी अंगावर घेतली नाही. गंमत अशी की त्या पक्षाचे लोक दर उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी मेळाव्याला जमतात.

गिट्टी_सळाख

सिमेंट हलकं होतं हे आधी डोक्यातून काढून टाका. नंतर झालेल्या तांत्रिक पाहणीत मुख्य काँक्रीट सांगाडा बराच शाबूत निघाला. बिघाड वरून सुरू झाला.

सभागृहावरचं छत पोलादी सांगाड्याचं, त्यावर तांब्याचा पत्रा. तांबं त्या हवेला उत्तम माल आहे, शंभर वर्षं टिकते. पण ०.६ मिमीचा पत्रा धरला तरी चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास वजन भरते आणि तांबं भंगारात किलोवर विकलं जाते. पहारा नसलेल्या डोंगरावर हजारो चौरस मीटर तांबं ठेवणं म्हणजे उघड्या रानात कापसाचे गाठोडे टाकून घरी जेवायला जाणं.

एक गोष्ट लक्षात घ्या. चोराने सगळं छत नेण्याची गरजच नसते. तांबं तापमानाने पोलादापेक्षा आणि काँक्रीटपेक्षा जास्त लांबते. दहा मीटरच्या पट्टीत ६० अंशांचा फरक पडला की दहा मिलिमीटरने हलते. म्हणून पत्रा ठोकून घट्ट बसवत नाहीत. पट्ट्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवतात, आणि खालच्या क्लिपा पत्र्याला सरकू देतात. एकेक पट्टी शेजारणीच्या आधारावर टिकते. एक उपटली की शेजारच्या पट्टीची कड उघडी पडते आणि डोंगरावरचा वारा तिच्या खाली शिरून उरलेलं काम स्वतः करतो. चोर पायवाट पाडतो, वारा रस्ता करतो.

त्यानंतरचा क्रम ठरलेला. पाणी आत, टांगतं छत ओलं, वजनाने खाली. पोलादी सांगाडा उघडा, गंज. भिंतींच्या माथ्यातून पाणी आत मुरते आणि रात्री गोठते. पाणी गोठताना ९ टक्के फुगते, त्याला जागा नसली की जागा करून घेते. इथं लोक एक चूक करतात: त्यांना वाटते जितकी कडक थंडी तितकं नुकसान जास्त. तसं नाही. महिनाभर सलग उणे पंधरा असलं तर बर्फ एकदाच गोठतो. दिवसा शून्याच्या वर आणि रात्री खाली, असं झालं की रोज एक फटका बसतो. म्हणून मार्च आणि नोव्हेंबर जानेवारीपेक्षा वाईट.

काचाही फुटल्या. ताऱ्यांमध्ये खरे माणिक आहेत अशी समजूत पसरली आणि लोकांनी बंदुकीने ते फोडले. निघाली नुसती लाल काच.

कोरडवाहू

म्हणजे आपल्या बंद पडलेल्या जिनिंगसारखंच झालं. आधी मोटारी जातात, मग तारा, मग टिनं. टिनं गेल्यावर एक पावसाळा, की विटांच्या भिंतीतून सीताफळ उगवलंच.

गिट्टी_सळाख

@कोरडवाहू बरोब्बर. फक्त सीताफळाऐवजी तिथं बर्फ.

खडे_आणि_चुना

भित्तिचित्रांबद्दल कोणी लिहिलं नाही आणि त्या वास्तूचा जीव तिथंच आहे. आत ९३७ चौरस मीटर मोझॅक, साठेक कलाकारांनी दीड वर्षात केलेलं, ३५ टन रंगीत काच. हा आकडाही ताडून पाहता येतो. चौरस मीटरला ३७ किलो पडतात. काचेची घनता २,५०० धरली की जाडी १५ मिमी येते, आणि हातोडीने फोडलेल्या मोझॅकच्या काचेला ती जाडी शोभते. मार्क्स, एंगल्स, लेनिन, शिवाय बल्गेरियाचे पक्षनेते ब्लागोएव्ह, दिमित्रोव्ह आणि झिव्कोव्ह. छताच्या मधोमध कोयता-हातोडा. झिव्कोव्हचा चेहरा नंतर कुणीतरी खडा न खडा काढून टाकला, खाली नुसता करडा मसाला दिसतो. बाहेरच्या कड्यातली चित्रं बल्गेरियातल्या नद्यांच्या नैसर्गिक दगडांची होती. ती उघड्यावर पडल्याने त्यांतली बहुतेक गेली.

मोझॅक कसं मरते ते पाहा. काचेला काहीच होत नाही. खाली मसाल्याचे दोन-तीन थर असतात, त्यात पाणी शिरते, मसाला भिंतीपासून सुटतो आणि चित्र फुगा येऊन पोकळ होते. बोटाच्या पेराने टकटक केलं की पिकलेल्या टरबुजासारखा आवाज. तो भाग अजून लटकलेला असतो, फक्त कडांच्या आधारावर. कडेचा एक खडा गेला की पुढच्याला धरणारं कोणी राहत नाही, मग एका हिवाळ्यात हातभर ढलपा खाली.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी चित्र भरून काढण्याची नसते. उरलेल्या चित्राची कड चुन्याच्या मसाल्याने तिरकी बांधून घ्यायची. पोकळ भागाच्या दर्शनी बाजूला जाळीचं कापड निघू शकेल अशा गोंदाने चिकटवायचं, मग बारीक छिद्रातून पातळ चुन्याचा रस्सा सुईने आत सोडायचा, तोही थोडा थोडा. एकदम भरला तर त्याच्याच वजनाने ढलपा सुटतो. खाली पडलेले खडे झाडूने गोळा करायचे नाहीत. जमिनीवर दोरीने चौकोन आखायचे आणि ज्या चौकोनातले खडे त्या नंबरच्या पिशवीत. झाडूने एकदा ढीग केला की कोणता निळा आकाशातला आणि कोणता सदऱ्यातला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

सिमेंट मात्र वापरू नका. सिमेंट चुन्यापेक्षा टणक, शिवाय त्यातले क्षार पाण्याबरोबर वर येऊन काचेमागे साचतात. वर्षभर छान दिसते, मग मूळ चित्रच घेऊन पडते.

वास्तूला पुन्हा कोणी हात लावला तो २०१५ च्या सुमारास दोरा इव्हानोव्हा या तरुण वास्तुविशारदेने. २०१८ मध्ये युरोपा नॉस्ट्रा या वारसा जपणाऱ्या संस्थेने ती युरोपातल्या सात सर्वांत धोक्यातल्या वारसास्थळांत घेतली, त्याच वर्षी पहारा बसला. २०१९ मध्ये गेटी फाउंडेशनने संवर्धन आराखड्यासाठी १,८५,००० डॉलर दिले आणि २०२० मध्ये मोझॅक वाचवण्यासाठी आणखी ६०,०००. पैशाचा क्रम लक्षात घ्या: आधी चौकीदार, मग कागद, मग चित्रं. आपल्याकडे आधी रंगरंगोटी होते.

झाडीपट्टी_चिमूर

लई उपयोगी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. आता घरचं सांगतो. स्लॅब साडेचार इंच, २० फूट बाय २० फूट. वर जुना कोबा आहे, त्याला भेगा. पाणी जायला एकच पन्हाळ, तीन इंची, तिच्या तोंडाशी पिंपळ उगवला आहे, बुंधा मनगटाएवढा. पावसानंतर चार दिवस वर पाणी थांबते. उघड्या पडलेल्या सळाखी बरोबर त्याच डबक्याच्या खाली आहेत. दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी खालून चुना मारतात. काय करावं?

गिट्टी_सळाख

दादा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळं निदान आहे. डबकं वर, सळाख खाली, आणि रंग मारणारा तिसरीकडेच.

तुमच्या स्लॅबचं गणित सांगतो. ८० च्या दशकात चालू असलेल्या आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, स्लॅबच्या सळाखीखाली १५ मिमी कव्हर (सळाख झाकणारं काँक्रीट) चालत असे. २००० च्या आवृत्तीत ते २० च्या पुढे नेलं. ताज्या काँक्रीटचा क्षारपणा (पीएच) साडेबाराच्या वर असतो, त्यात सळाख गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो नऊच्या खाली आणतो. साध्या काँक्रीटमध्ये हे चाळीस वर्षांत २० ते ३० मिमी आत पोचते. म्हणजे तुमच्या पूर्ण स्लॅबच्या सळाखीचं संरक्षण केव्हाच संपलं. तरी गंज दोनच ठिकाणी का? कारण क्षारपणा गेला एवढ्याने गंज धरत नाही, ओल लागते. कोरड्या जागची सळाख अजून ठणठणीत असेल. बुझलुजाचा सांगाडा वाचला आणि तुमचा स्लॅब वाचू शकतो, दोन्हीचं उत्तर "पाणी कुठं थांबते" यात आहे.

पाडायचं की नाही हे ठरवायला आधी तपासा. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फथॅलिन असते, क्षारपणा रंगाने दाखवणारं. १ ग्रॅम, १०० मिली पातळ स्पिरिटमध्ये. स्लॅबच्या खालच्या अंगाला चार-पाच ठिकाणी छिन्नीने ताजा टवका काढा, धूळ फुंकरून टाका आणि लगेच शिंपडा. गुलाबी झालं तो भाग शाबूत, रंग आला नाही तो गेलेला. ड्रिलच्या भुकटीवर किंवा जुन्या भेगेवर शिंपडू नका, खोटं उत्तर येते. मग उघड्या सळाखीचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्नियरने जाडी मोजा. मूळ ८ मिमीची ७.५ निघाली तर दुरुस्ती. छेद एक पंचमांशाहून जास्त घटला असेल, म्हणजे ८ ची साधारण ७.१ च्या खाली, तर शेजारी नवी सळाख जोडावी लागेल आणि ते काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका.

काम वरून खाली. खालून सुरू केलं तर पैसा पाण्यात, अगदी शब्दशः.

पिंपळ ओढू नका. मुळं कोब्याखाली पसरलेली असतात, ओढली की स्लॅबची कड उचलून येते. बुंधा बोटभर ठेवून कापा, ताज्या कापावर ग्लायफोसेटचा बोळा लावून प्लॅस्टिकने बांधा. तीन-चार आठवड्यांत मूळ मेलं की मग काढा. तणनाशक गावात प्रत्येकाच्या घरी असते, पण हातमोजे घाला.

जुना कोबा पूर्ण काढा. त्याच्यावरच नवा चढवतात ही सर्वांत महागाची चूक. चार इंची विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. दोन थर झाले की गंजलेल्या सळाखीवर चारशे किलो. त्याऐवजी पातळ उताराचा थर द्या. शंभराला एक उतार पुरे, म्हणजे सहा मीटरला ६० मिमी. पन्हाळीपाशी २० मिमी धरून सुरुवात करा. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. पांढरं यासाठी की मे महिन्यात आपल्याकडे स्लॅब हाताला चटका देतो. पांढरा माथा कमी तापतो आणि भेगा कमी पडतात. कठड्याला भिडते तिथं काटकोन ठेवू नका, गोलाई करा आणि थर कठड्यावर वीतभर चढवा. गळती बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातून असते.

पन्हाळ एकीच्या दोन करा, समोरासमोरच्या कडांना. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर ७५ मिमीचा पाईप साधारण २० चौरस मीटरलाच पुरतो आणि तुमचं छत ३७ चं आहे. हिशेबातच दोन लागतात. शिवाय एकच असली आणि ती बुजली की पाण्याला दुसरी वाट नाही, आणि तुमच्याकडे तेच झालं आहे.

मग खालची बाजू. टवके काढण्याआधी टेकू लावा, दर चार फुटांवर. सळाखीच्या मागे बोट जाईल इतकं, २० मिमी, काँक्रीट मोकळं करा. सळाखीच्या नुसत्या पोटाला मसाला लावला तर पाठीमागचा गंज फुगत राहतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडा परत. गंज लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. ब्रश करून झिंक प्रायमर द्या. मसाला सिमेंट-वाळू एकास तीन, सिमेंटच्या एका पोत्याला एसबीआर लॅटेक्स (रबरी द्रव) आठ ते दहा लिटर, पाणी कमीत कमी. १५ मिमीच्या वर एका थरात चढवू नका, वजनाने लोंबतो.

तराईत, म्हणजे मसाला ओला ठेवण्यात, इथं बरेच मिस्तरी चुकतात. साध्या सिमेंटच्या थराला सात दिवस ओली पोती. लॅटेक्सच्या मसाल्याला मात्र दोन दिवस ओल आणि मग सावलीत सुकू द्यायचा. आठ दिवस पाणी मारत राहिलं तर आतली लॅटेक्सची फिल्म बनतच नाही. आणि हे काम फेब्रुवारीत उरका. मे मध्ये दुपारी मसाला टोपल्यातच आवळतो, मिस्तरी पाणी घालतो आणि तिथंच ताकद गेली.

शेवटी गळती तपासा: पन्हाळी बोळ्याने बंद करून इंचभर पाणी ४८ तास ठेवा, खाली खडूने ओल आखा. बोळे काढायला विसरू नका, हे लिहायची वेळ येते.

जुनी_कात्रणं

एक पुरवणी. पंचायतीच्या ठरावात "स्मारक दुरुस्ती" असं मोघम लिहू नका. "दरवर्षी मे च्या शेवटच्या आठवड्यात माथा झाडणे, पन्हाळी मोकळ्या करणे, नोंदवहीत सही" असं लिहा आणि माणसाचं पद लिहा. बुझलुजाला उद्घाटनाच्या दिवशी हजारो माणसं होती, छतावर चढायचं काम मात्र पुढे कुणाच्याच नावावर नव्हतं.

झाडीपट्टी_चिमूर

हायस्कूलच्या सरांना विचारलं, बाटली आहे म्हणाले, लेबल फिकं झालं तरी चालेल का? आणि शिडी अठरा फुटी लागेल. सोमवारी टवके काढतो, रंगाचे फोटो इथंच टाकतो.

खडे_आणि_चुना

लेबल नको, आधी चुन्याच्या निवळीचे दोन थेंब टाकून पाहा. गुलाबी झाली तर बाटली चांगली.